आत्या वाघ निघाली

संस्थेत त्यांना सगळे तळटीपराव म्हणत. म्हणजे पाठीमागे. पण तोंडावर म्हटलं असतं तरी गृहस्थ रागावले नसते. हे नाव पहिल्यांदा कुणी वापरलं असावं यावर दोन मतं आहेत, असं काहीतरी सांगत बसले असते. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी ते म्हणत, "घेईन, पण सकाळी एक झालाय, आणि दुसऱ्या चहाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही." तोवर विचारणारा आपला चहा संपवून कप विसळत असायचा.

माणूस मनाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते सांगायची इच्छा राहणार नाही.

संस्था अर्थशास्त्राच्या संशोधनाची. इमारत मोठी, पण लिफ्ट कायमची बंद, आणि प्रत्येक जिन्यावर पाण्याचं एक यंत्र, ज्याची थंडाची तोटी दाबली तरी कोमटच पाणी येई. तिसऱ्या मजल्यावर जोखीम मापन विभाग होता. विभाग म्हणजे सर, तळटीपराव आणि भिंतीला लावलेले आठ-दहा संगणक. सर विभागप्रमुख. तळटीपराव त्यांचे जुने विद्यार्थी, मग मदतनीस, मग सहायक प्राध्यापक. त्यानंतर पुन्हा सहायक प्राध्यापकच, कारण प्राध्यापकाची खुर्ची रिकामी असली तरी ती त्यांना द्यायची घाई कुणालाच नव्हती. पंचेचाळिशी उलटली, केस गेले, खुर्ची काही आली नाही.

या दोघांच्या नावावर एक मोजपट्टी होती. मोजपट्टी म्हणजे बारा प्रश्न. माणूस आपली पुंजी कितपत धोक्यात घालायला तयार आहे, हे त्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरायचं. ज्याची तयारी कमी त्याला कंपन्यांनी साध्या, सुरक्षित योजना विकायच्या, आणि ज्याची तयारी जास्त त्याला उड्या मारणाऱ्या योजना विकल्या तरी चालतील, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती. घोळ झाला तो शब्दात.

मूळ प्रश्न परदेशातले. ते आपल्या भाषेत आणायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "सरळ 'धोका' म्हणू या. तुम्ही धोका पत्करायला तयार असता का?" पण तळटीपराव गप्प बसतील तर ना! ते म्हणाले, "धोका म्हटलं की माणूस आधीच दचकतो, सर. दचकलेल्या माणसाचं माप खोटं येतं. 'जोखीम' घ्या. तटस्थ शब्द आहे, आणि सगळ्या पाठ्यपुस्तकांत तोच आहे." सरांना ते पटलं. तळटीपराव त्या दिवशी घरी जाताना वाटेत स्वतःशीच हसत होते. इतक्या वर्षांत सरांनी त्यांचं ऐकलेलं ते बहुधा पहिलंच.

भाषांतर तपासायचीही एक शास्त्रीय रीत असते. एकाने मूळ आपल्या भाषेत आणायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते पुन्हा परक्या भाषेत न्यायचं, आणि दोन्ही जुळलं की शिक्का मारायचा. तो दुसरा शेजारच्याच विभागातला अर्थतज्ज्ञ होता. त्याने 'जोखीम' हा शब्द डोळे मिटून बरोबर जागी नेऊन पोचवला. का नाही पोचवणार? त्यानेही तो पाठ्यपुस्तकातच वाचला होता. मग प्रश्नांची चाचणी घेतली ती संस्थेतल्याच विद्यार्थ्यांवर. तिथेही सगळं झकास जुळलं. रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला "आजी, हा शब्द ऐकून तुमच्या मनात काय येतं हो?" असं विचारावं, हे एवढ्या शिकलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तशी रीत नव्हती ना!

पाहणी झाली, आकडे आले, आणि सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. जोखीम घ्यायची सगळ्यांत जास्त तयारी कुणाची होती, सांगा पाहू? साठी-सत्तरीच्या बायकांची. तरुण पोरं मागे, व्यापारी मागे, आणि या म्हाताऱ्या सगळ्यांच्या पुढे. दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावून प्रश्न पुन्हा वाचले असते. सरांनी लेख लिहिला. गमावण्यासारखं काही उरलं नाही की माणूस निर्भय होतो, असा सिद्धांत मांडला, देशोदेशी जाऊन व्याख्यानं झोडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तळटीपरावांनी लेखाच्या शेवटी एक बारीक टीप घातली होती, की हा निष्कर्ष आणखी पडताळून पाहायला हवा. छापताना जागा कमी पडली म्हणून ती गेली.

मग एका मोठ्या बचत कंपनीने ती मोजपट्टी उचलली. कंपनीवाले हुशार. त्यांनी आकड्यांऐवजी प्राणी केले. कमी तयारीवाला तो कासव, मधला तो घोडा, आणि पैकीच्या पैकी मिळवणारा तो वाघ. वाघांसाठी वाघ योजना होती. तिच्यात पैसे दुप्पट होतील असं मोठ्या अक्षरांत, आणि कदाचित होणार नाहीत असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. तळटीपरावांची आई गेली तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. वडील फिरतीच्या नोकरीत. आत्याने पोराला उचललं ते आपल्या क्वार्टरमध्येच आणलं. ती एका मोठ्या इस्पितळात नर्स होती, पुढे मेट्रन झाली. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर आयतं मिळालंय, आता नवरा कशाला?" रात्रपाळी करून आली तरी पोराचा डबा स्वतः भरायची. त्याच्या शिकवण्या, त्याची पुस्तकं, त्याचं परदेशातलं एक वर्ष, सगळं तिच्या पगारातून झालं. तिने उभ्या आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, पत्त्यांना हात लावला नाही, दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून शेजारच्या खोलीतसुद्धा गेली नाही.

निवृत्तीनंतर ती इस्पितळातल्याच जुन्या मैत्रिणींच्या आसपास, एका वसाहतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तिचं एकच मागणं होतं. गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास होतं, तिथली बागेकडची खोली तिने हेरून ठेवली होती. "हातपाय चालताहेत तोवर तिथं जाऊन पडायचं. तुझ्या बायकोला माझी अंथरुणं घालायला लावायची नाहीत मला," असं ती तळटीपरावांना सांगायची. बागेकडच्या खोलीला अनामत जरा जास्त लागायची, म्हणून पुंजी थोडी वाढवावी एवढाच तिचा बेत होता.

एक दिवस तिचा फोन आला.

"बाळ्या, अरे, मी वाघ निघाले!"

"काय निघालीस?"

"वाघ! तुझ्या त्या मोजपट्टीत. कंपनीची बाई आली होती. कागद काढला तर वर तुझं नाव! म्हटलं, अगं, हे तर आमच्या बाळ्याचं. मग मी उत्तरं भरली, तर पैकीच्या पैकी! ती म्हणाली, असे मार्क क्वचित पडतात. आमच्या वसाहतीतल्या आम्ही अकराच्या अकरा जणी वाघ निघालो बघ!"

तळटीपराव मोठ्याने हसले. त्यांनी बायकोलाही सांगितलं, "आत्या वाघ निघाली!" आणि दोघं जेवताना पुन्हा हसली. अकराच्या अकरा म्हाताऱ्या वाघ कशा निघतील, हा साधा प्रश्न शंका काढण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला तेव्हा पडला नाही. आपलं नाव आत्याने कागदावर पाहिलं, याचंच त्यांना कोण कौतुक!

वाघ योजना वर्षभराने बसली. बसली म्हणजे पार आडवी झाली. शंभरातले सत्तर गेले. कंपनीने पत्र पाठवलं, की आपण स्वतः दिलेल्या उत्तरांनुसार आपली जोखीम घेण्याची तयारी सर्वोच्च होती, सबब कंपनी जबाबदार नाही. आत्या आणि तिच्या मैत्रिणींनी तक्रार मंडळाकडे अर्ज केला. पहिली सही आत्याची.

तळटीपराव धावत तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. रडली होती हे दिसत होतं, पण पोरासमोर रडायची तिची पद्धत नव्हती. बागेकडची खोली गेलीच होती, आणि आहे त्या खोल्यांचं भाडंही आता पेलवणार नव्हतं.

"आत्या, तू असं लिहिलंसच कसं?" तळटीपराव जवळजवळ ओरडलेच. "तुला जोखीम घ्यायला आवडतं म्हणून?"

"मग? आवडतंच मुळी." आत्याने मान ताठ केली. "इस्पितळातल्या विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली इतकी वर्षं कुणाच्या कमरेला होती? मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, जोखमीचं काम असलं की मेट्रनबाईंकडे द्या. एक बाटली इकडची तिकडे झाली नाही माझ्या हातून. आजही खालच्या मजल्यावरची गावाला गेली की तिच्या दागिन्यांची जोखीम माझ्या कपाटात असते. त्यात विचारलं होतं ना, जवळचे लोक तुम्हाला जोखीम घेणारी व्यक्ती समजतात का? समजतातच! कुणालाही विचार."



"पण आत्या, पैसे बुडाले तरी चालतील, असा त्याचा अर्थ..."

"बुडाले तरी?" आत्या हातातली शेंग ठेवून त्यांच्याकडे अशी बघायला लागली, की हा लहानपणी पडला होता तेव्हा डोक्याला मार तर लागला नव्हता ना. "अरे वेड्या, जोखीम घेतली म्हणजे बुडू द्यायचं नाही! दुसऱ्याची वस्तू डोळ्यांत तेल घालून जपायची. त्यालाच तर जोखीम घेणं म्हणतात. एवढं शिकलास आणि हे माहीत नाही?"

तळटीपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तो अर्थ त्यांना माहीत नव्हता असं थोडंच होतं! लहानपणी याच बाईच्या तोंडून त्यांनी तो शंभरदा ऐकला होता. "बाळ्या, पिशवीत जोखीम आहे, माझा हात सोडू नकोस," असं म्हणून ती त्यांना बाजारातून ओढत न्यायची. ते सगळं पाठ्यपुस्तकांनी पुसून टाकलं होतं. सरांच्या लेखातल्या त्या सगळ्या निर्भय म्हाताऱ्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. बिचाऱ्यांनी सांगितलं होतं, की आम्ही फार जपून वागणाऱ्या आहोत, आमच्यावर विश्वास टाका. आणि या दोन विद्वानांनी त्यांना जुगारी ठरवलं होतं. जी जितकी काळजीवाहू, तिला तितके जास्त मार्क!

तेव्हाच सांगायचं होतं त्यांनी, "आत्या, चूक माझी आहे, तो शब्द मी घातला." ओठांवर आलंही. पण ते एवढंच म्हणाले, "मी बघतो काय करता येतं ते."

"तू बघतोयस ना, मग झालं," आत्या म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलायला लागली. तिचा चेहरा खरोखरच हलका झाला होता.

दुसऱ्या दिवशी तळटीपराव सरांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात प्रथमच एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. सर मूर्ख नव्हते. तीच तर पंचाईत होती. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं समजल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"विश्वसनीयता किती आली होती आपली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नव्वदच्या वर."

"म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर येतं. शास्त्रात विश्वसनीय यालाच म्हणतात ना?"

"सर, तेच उत्तर येतं, कारण सगळ्या म्हाताऱ्यांनी एकच अर्थ घेतला! काटा रोज पावशेर जास्त दाखवत असेल तर रोज तेवढंच दाखवणार. म्हणून काय तो बरोबर?"

"मी बरोबर कुठे म्हटलं? मी विश्वसनीय म्हटलं." सरांनी टेबलावरचं पत्र पुढे सरकवलं. "हे तक्रार मंडळाकडून आलंय. तज्ज्ञ म्हणून मत मागितलंय. प्रश्न वाच. 'सदर मोजपट्टी विश्वसनीय आहे काय?' जे मोजायचं तेच मोजते का, असं विचारलंय त्यांनी? नाही विचारलं. जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. आणि ते तू द्यायचंस."

"मी? पण सर, तक्रारदार माझी सख्खी आत्या आहे."

"तेच तर! तू विरुद्ध लिहिलंस तर लोक म्हणतील, घरच्यांसाठी लिहिलं, आणि तुझ्या मताला कुणी विचारणार नाही. बाजूने लिहिलंस तर म्हणतील, बघा, सख्ख्या आत्यालाही सोडलं नाही, याला म्हणतात संशोधक." सर उठले, खिडकी लावली. "अरे, पुढच्या महिन्यात ही मोजपट्टी देशभर सक्तीची व्हायची आहे. नवा विभाग होईल. प्राध्यापकाची खुर्ची मी काय माझ्या जावयाला देणार आहे? तुलाच ना? आणि एक सांगू? मी 'धोका' म्हणत होतो. 'जोखीम' तुझी. वेळ आली तर मला तसं सांगावं लागेल."

हे शेवटचं ते अगदी प्रेमाने बोलले.

घरी तळटीपरावांनी बायकोला सांगितलं. त्यांना वाटलं होतं, बायको खुर्चीचं नाव काढेल, हप्त्यांचं नाव काढेल, मुलीच्या फीचा विषय काढेल, म्हणजे निदान खापर फोडायला एक डोकं मिळेल. बायको भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "अहो, त्यात विचार कसला? खरं ते लिहा. खुर्ची नाही मिळाली तर नाही. इतकी वर्षं स्टुलावर बसून काय मेलो का आपण?"

"पण..."

"पण-बिण काही नाही. आत्यांनी तुमच्यासाठी काय केलंय ते मी लग्नाच्या दिवसापासून ऐकतेय, तुमच्याच तोंडून. आता तुमची पाळी आहे."

इतकं सरळ बोलणाऱ्या बायकोचा तळटीपरावांना फार राग आला. ते जेवण अर्धवट टाकून आपल्या खोलीत गेले.

मत लिहायला त्यांनी आठवडा घेतला. मोजपट्टी पूर्णपणे विश्वसनीय आहे, असं एक वाक्य लिहिलं, आणि त्याला पानभर लांबीची एक टीप जोडली. त्या टिपेत सगळं होतं. शब्दाचे दोन अर्थ, वयस्कर लोकांची समजूत, आपली चूक, सगळं. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जायचा धीर असता तर अकरा बायकांचे पैसे परत मिळाले असते. सरांनी ती टीप वाचली आणि म्हणाले, "छान लिहिलीस. पण मंडळाला एका पानात उत्तर हवंय." कागद परत दिला आणि पेनही दिलं.

तळटीपराव आपल्या टेबलाशी बसले. जिन्यावरून कुणीतरी कोमट पाण्याला शिव्या देत गेलं. त्यांनी हिशेब मांडला. आत्याला आपण घरीच आणू, आपली अभ्यासाची खोली तिला देऊ. ती उघड्यावर थोडीच पडणार आहे? नव्या पगारात तिचं औषधपाणी सहज निघेल. म्हणजे नुकसान तसं कुणाचंच नाही. आणि वाक्य खोटंही नाही, शब्दन्‌शब्द खरं आहे. कुठल्याही परिषदेत उभं राहून ते सिद्ध करून दाखवतील. बाकीच्या दहा जणी या हिशेबात कुठेच नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने ती टीप काढून टाकली, एक पान उरलं, त्यावर सही केली. हात मुळीच थरथरला नाही. याची त्यांना नंतर लाज वाटली, पण नंतर वाटून काय उपयोग?

मंडळाने ते मत तक्रारदारांना पाठवलं, आणि विचारलं, की हे पाहून तक्रार पुढे चालवायची आहे की मागे घ्यायची आहे ते कळवावं. मागे घेतली तर प्रकरण कायमचं बंद.

आत्याने बोलावलं तसे ते गेले. वाटेत त्यांनी सगळी तयारी केली होती. ती रागावेल, बोलणार नाही, कदाचित घराबाहेर काढेल. काढलं तर बरंच, असंही त्यांना वाटून गेलं. मग पाय धरायचे, सगळं सांगून टाकायचं, मंडळाला दुसरं पत्र लिहायचं. अजून वेळ होता.

आत्या चष्मा लावून खिडकीशी बसली होती. कागद तिच्या मांडीवर होता.

"ये," ती म्हणाली. "'मोजपट्टी पूर्णपणे विश्वसनीय आहे.' आणि खाली तुझी सही. किती सुरेख सही करतोस रे!"

"आत्या, तू रागावलीस?"

"रागावू कशाला? मला उलट सुटल्यासारखं झालं बघ. इतके दिवस आम्ही अकरा जणी मोजपट्टीच्या नावाने बोटं मोडत होतो. मनात कुठेतरी वाटायचं, बाळ्याच्या हातून तर काही चुकलं नसेल? रात्र रात्र झोप नव्हती मला. पैसे गेल्याचं जाऊ दे, पण तुझ्या नावाला बट्टा लागला असता तर? आता तू लिहून दिलंस, विश्वसनीय आहे. म्हणजे प्रश्न मिटला. चूक आमचीच. आम्हीच उत्तरं धड दिली नसणार." तिने चष्मा काढला, पदराने पुसला. "पण मला एक सांग. माझं नेमकं कुठं चुकलं? मी खूप विचार केला, मला काही कळत नाही. सगळं खरंच तर लिहिलं होतं."

आता सांगा, याहून सोपी संधी देव तरी काय देणार! नुसतं "तुझं काही चुकलं नाही" एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. तळटीपरावांनी तोंड उघडलं. समोर आत्याचा निर्धास्त झालेला चेहरा होता. हे आता सांगितलं तर हा चेहरा आपल्याकडे पुन्हा कधी असा बघणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. खुर्ची, सर, मंडळ, त्या क्षणी काहीच आड आलं नाही. आड आला तो एवढा चेहरा.

"तसं काही मोठं नाही," ते म्हणाले. "जरा घाईत भरलं असशील."

आत्याने मान हलवली. "असेल. चष्मा नव्हता वाटतं त्या दिवशी डोळ्यांना. ती बाई दारात उभी, मीही घाई केली. जळ्ळं, सगळी जन्माची खबरदारी अन् शेवटी हे असं!" आणि ती हसली. स्वतःलाच हसली.

मग तिने फोन ओढला आणि मैत्रिणींना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. तक्रार मागे घ्या म्हणून सांगत होती. पाच-सहा जणींनी ऐकलं. ती मेट्रन होती, तिचं ऐकायची त्यांना सवयच होती. मग एक अडून बसली. तळटीपरावांना ती आठवत होती. लहानपणी त्यांना इंजेक्शन द्यायची आणि मग खाऊ द्यायची. तिचं आता कुणीच नव्हतं, आणि जे होतं ते सगळं वाघ योजनेत गेलं होतं.

"अगं, ऐक माझं," आत्या फोनवर समजावत होती. "माझ्या हातचं पोर आहे ते. तो खोटं लिहिणार नाही. लोकांच्या नावाने खोटी ओरड करणं आपल्याला शोभतं का? हे बघ, तो इथंच बसलाय, तूच बोल त्याच्याशी." तिने फोन तळटीपरावांपुढे धरला. "ही ऐकत नाही. तू सांग हिला एकदा."

तळटीपरावांनी फोन घेतला.

"नमस्कार, मावशी. हो, मीच. हो, सही माझीच आहे." ते ऐकत राहिले. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. मग ते म्हणाले, "आत्या म्हणते ते बरोबर आहे."

मग म्हातारी म्हणाली, "तू म्हणतोस तर काढून घेते रे बाबा. तुम्ही शिकलेली माणसं."

त्यांनी फोन आत्याला परत दिला. आत्याने पुढचा नंबर लावला.